आयपी सगळ्यात वरच्या मजल्यावर: नव्या सर्व्हरवर बाँड, व्हीलॅन, ब्रिज लावताना

नवा सर्व्हर रॅकमध्ये चढला, ओएस टाकून झाली, एसएसएच (दुरून लॉगिन) लागलं की सगळ्यांचे हात शिवशिवतात अ‍ॅप टाकायला. नेटवर्कचं नंतर बघू म्हणतात आणि ते नंतर काही येत नाही, आणि सहा महिन्यांनी व्हीलॅन बदलायची वेळ येते तेव्हा त्याच मशीनवर डेटाबेस बसलेला असतो आणि कोणी रीबूट करू देत नाही. म्हणून म्हणतो, व्हर्च्युअल इंटरफेसचं (खऱ्या नेटवर्क कार्डांवर सॉफ्टवेअरने बनवलेले बाँड, व्हीलॅन, ब्रिज) जे काय करायचं ते मशीन रिकामं असतानाच उरकून घ्या. तेव्हा चुकलं तरी कोणाचं काही जात नाही.

खाली सगळं लिनक्सबद्दल आहे, जास्त करून उबुंटू आणि रेड हॅटच्या घरातलं. कमांड मी देवनागरीत उच्चाराप्रमाणे लिहितोय, टर्मिनलवर त्या इंग्रजीतच टाकायच्या आहेत, इथून कॉपी पेस्ट करून मग चालत नाही म्हणून भांडायला येऊ नका.

आधी कागद घ्या. खरंच कागद, नाहीतर एक साधी शीट. इमारतीसारखं काढा: तळाला खरी नेटवर्क कार्डं, त्यांच्यावर बाँड (दोन-तीन कार्डं मिळून एक), बाँडवर व्हीलॅन (एकाच वायरवर नंबरने वेगळी केलेली नेटवर्कं), व्हीलॅनवर ब्रिज (मशीनच्या आतला स्विच, व्हीएम म्हणजे आतली आभासी मशीन जोडायला), आणि आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) सगळ्यात वरच्या मजल्यावर. प्रत्येक मशीनला सगळे मजले लागतील असं नाही, व्हीएम चालवायचे नसतील तर ब्रिज कशाला, पण जो मजला सगळ्यात वर तिथेच आयपी, खालच्या कोणाकडेही नाही. हा एक नियम पाळला तरी निम्मी डोकेदुखी जाते. (एकाच बाँडवर तीन व्हीलॅन असतील तर वरचे मजले तीन, प्रत्येकाचा आयपी वेगळा, त्यात काही अडचण नाही.)

खालच्याकडे आयपी राहिला तर काय होतं ते सांगतो, कारण ही चूक रोज दिसते. कार्डावर आधीच आयपी होता, तुम्ही कार्ड उचलून ब्रिजमध्ये टाकलं, आयपी कार्डावरच विसरलात. आता कर्नलच्या राउटिंग टेबलप्रमाणे त्या नेटवर्कचा रस्ता कार्डातून जातो, म्हणून एआरपीची विचारणा (हा आयपी कोणत्या कार्डाचा, असं नेटवर्कला विचारणं) कार्डातून बाहेर पडते, समोरचा उत्तरही देतो, पण कार्ड आता ब्रिजचं झालंय त्यामुळे आलेलं उत्तर ब्रिजच्या नावावर जमा होतं आणि कर्नल कार्डाच्या दारात वाट बघत बसतो. टीसीपीडंपमध्ये (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारी कमांड) उत्तर येताना डोळ्यांना दिसतं आणि पिंग तरीही लागत नाही, माणूस मग फायरवॉलला शिव्या घालत बसतो. फायरवॉलचा काही दोष नसतो.

कागदावर मजल्यांच्या शेजारी एवढं लिहा: प्रत्येक कार्डाचा मॅक (हार्डवेअर पत्ता), ते स्विचच्या कुठल्या पोर्टात गेलंय, त्या पोर्टवर कुठले व्हीलॅन टॅग होऊन (पॅकेटवर व्हीलॅनचा नंबर लागून) येतात आणि कुठला बिनटॅगचा, एमटीयू (एका पॅकेटची कमाल लांबी) किती, आणि डिफॉल्ट गेटवे (बाहेर जायचं दार) कोणाकडे. गेटवे एकच हं. दोन इंटरफेसवर दोन डिफॉल्ट गेटवे टाकून ठेवलेले सर्व्हर मी इतके पाहिलेत, एका दारातून पॅकेट येतं, दुसऱ्या दारातून उत्तर जातं, आणि रिव्हर्स पाथ फिल्टर (पॅकेट ज्या दारातून आलं त्याच दारातून उत्तर जाईल का, ही तपासणी) कडक असेल तर येणारंच पॅकेट कर्नल गुपचूप टाकून देतो, लॉगमध्येही काही नाही. खरंच दोन रस्ते हवे असतील तर वेगळं राउटिंग टेबल आणि आयपी रूल करा, दुसरा डिफॉल्ट नको.

आता कार्डांची नावं. जुनं ईटीएच झिरो, ईटीएच वन हे बूटच्या वेळी कोण आधी सापडलं त्यावर ठरायचं, म्हणून २०१३ मध्ये सिस्टमडीच्या (लिनक्स बूट करून सेवा चालवणारा प्रोग्राम) १९७ व्हर्जनपासून ती ईएनपी-३-एस-० छापाची नावं आली, म्हणजे पीसीआय बस ३, स्लॉट ०. चांगलंय, पण पक्कं नाही. उद्या कोणी मशीनमध्ये अजून एक कार्ड किंवा एनव्हीएमई डिस्क टाकली की बसचे नंबर सरकू शकतात आणि तुमची कॉन्फिग ज्या नावाला धरून आहे ते नावच गायब. म्हणून मॅकला धरा. नेटप्लॅनमध्ये (उबुंटूची नेटवर्क कॉन्फिग) मॅच खाली मॅक अ‍ॅड्रेस आणि सोबत सेट-नेम, झालं. फक्त एक लक्षात ठेवा, बाँड झाल्यावर सगळी कार्डं साधारणपणे एकच मॅक दाखवतात आणि वरचे व्हीलॅनही तोच उचलतात, म्हणून मॅक लिहून घ्यायचा तो बाँड बनवायच्या आधी, किंवा इथटूल कॅपिटल पी लावून, त्याने कार्डाचा जन्माचा मॅक कळतो. चालू बाँडवर आयपी लिंक बघून मॅक उतरवला तर दोन्ही कार्डांसमोर एकच मॅक लिहाल, मी लिहिलाय.

नावाला १५ अक्षरांची मर्यादा आहे. बाँडचं नाव हौसेने स्टोरेज-बॅकएंड ठेवलं तर तेच १५ अक्षरं होतं, मग पुढे डॉट आणि व्हीलॅन नंबर मावत नाही. बाँड झिरो ठेवा, गप्प बसा.

बाँडवर जरा थांबतो, कारण इथे डिफॉल्ट तुमच्या बाजूने नाहीत. मोड न सांगता बाँड बनवला तर मोड ० मिळतो, राउंड रॉबिन, म्हणजे एक पॅकेट या कार्डातून एक त्या कार्डातून, ऐकायला छान, पण पॅकेट उलटसुलट क्रमाने पोचतात आणि टीसीपीला ते आवडत नाही. प्रत्यक्षात तुम्हाला दोनांपैकी एक हवा असतो. मोड १ म्हणजे अ‍ॅक्टिव्ह-बॅकअप, एक कार्ड चालू एक राखीव, स्विचवर काही करावं लागत नाही, दोन वेगवेगळ्या साध्या स्विचना वायर लावली तरी चालतं. मोड ४ म्हणजे एलएसीपी (सर्व्हर आणि स्विच आपसात बोलून वायरींचा ग्रुप ठरवतात तो प्रोटोकॉल), दोन्ही वायर वापरात, पण स्विचवाल्याने त्याच्या बाजूला ग्रुप बनवायला हवा, आणि दोन वेगळे स्विच असतील तर ते आपसात एकच असल्याचं सोंग आणू शकणारे हवेत. नेटवर्क टीम चांगली असेल, उत्तरं वेळेत देत असेल तर ४. नसेल तर १ घ्या आणि सुखाने झोपा, माझं स्पष्ट मत.

मोड १ घेतला तर एमआयआय-मॉन (वायर चालू आहे का हे किती वेळाने बघायचं) हाताने द्या, १०० मिलिसेकंद टाकतात सगळे. ते डिफॉल्ट ० असतं आणि ० म्हणजे बाँड लिंककडे बघतच नाही, वायर उपटली तरी तो त्याच कार्डातून पाठवत राहतो. बाँड आहे म्हणून सगळे निर्धास्त आणि बाँडचे डोळे मिटलेले. आणि मोड ४ वाल्यांनो, १० गिगाबिटच्या दोन वायर जोडल्या म्हणजे एका फाइल कॉपीला २० मिळणार नाही, एक कनेक्शन एकाच वायरने जातं, कुठलं कुठून ते हॅश (पत्त्यांवरून काढलेला आकडा) ठरवतो. हॅश डिफॉल्टला नुसता लेअर २ (मॅक) बघतो, म्हणजे सगळं ट्रॅफिक एका गेटवेकडे जात असेल तर सगळं एकाच वायरवर. लेअर ३+४ (आयपी आणि पोर्ट नंबर) करा.

एलएसीपी खरंच जुळलं का हे कसं बघायचं? इंटरफेस अप दिसतोय यावर जाऊ नका. प्रॉक खाली नेट, त्याखाली बाँडिंग, त्यात तुमच्या बाँडच्या नावाची फाइल, ती कॅट करा. प्रत्येक कार्डाखाली अ‍ॅग्रिगेटर आयडी असा एक आकडा असतो, दोन्ही कार्डांचा सारखा असेल तर ती एका ग्रुपमध्ये आहेत. एकाचा १ आणि दुसऱ्याचा २ असेल तर बाँड फक्त नावाला आहे, एकच वायर कामाला आहे. आणि वर पार्टनर मॅक म्हणून ओळ असते, तिथे सगळी शून्यं दिसली तर समोरचा स्विच एलएसीपी बोलतच नाहीये, फोन उचला.

आणि हो, पीएक्सईने (नेटवर्कवरून बूट करून) ओएस टाकणार असाल तर अजून एक गंमत आहे. बूट होताना कार्डाला एलएसीपी येत नसतं, ते बिचारं बिनटॅगचं डीएचसीपी (आपोआप मिळणारा आयपी) मागतं, आणि स्विच ग्रुपमधून एलएसीपी आलं नाही म्हणून पोर्ट बंद करून बसतो. मशीन पीएक्सईवर अडकतं आणि सर्व्हरवाले म्हणतात स्विच खराब, स्विचवाले म्हणतात सर्व्हर खराब. स्विचवर एलएसीपी फॉलबॅकची (एलएसीपी आलं नाही तरी पोर्ट चालू ठेवायची) सोय असते, प्रत्येक कंपनीचं नाव वेगळं, ती चालू करून घ्या आणि बूटचा व्हीलॅन बिनटॅगचा ठेवा.

व्हीलॅनचं त्यामानाने सोपं आहे. आयडी १ ते ४०९४, टॅग ४ बाइटचा, पॅरेंट बाँड, बस. जिथे गडबड होते ती नेटिव्ह व्हीलॅनमध्ये (पोर्टवर बिनटॅगचा येणारा). स्विचवाला सांगतो व्हीलॅन १२० दिलाय, पण दिलाय टॅग करून की बिनटॅगचा हे सांगत नाही. टीसीपीडंपला छोटा ई आणि छोटा एन लावून बाँडच्या तळाच्या कार्डावर लावा आणि दोन मिनिटं नुसतं बघा. टॅग असेल तर ओळीत व्हीलॅन १२० असं स्पष्ट येतं, नसेल तर सरळ एआरपी दिसतात. ज्या पोर्टवर नुसते बिनटॅगचे एआरपी येतायत तिथे तुम्ही कितीही नीट व्हीलॅन इंटरफेस बनवा, काही येणार नाही. स्विचवर एलएलडीपी (शेजारच्या मशीनला आपली ओळख सांगणारा प्रोटोकॉल) चालू असेल तर एलएलडीपीडी टाकून एलएलडीपीसीटीएल मारा, कुठल्या स्विचच्या कुठल्या पोर्टात आहात ते मशीनच सांगतं, वायरवरच्या स्टिकरवर विश्वास ठेवण्यापेक्षा हे बरं.

ब्रिज लागतो तो व्हीएम किंवा कंटेनरना थेट नेटवर्कवर आणायला. इथे मला एकदा चांगलाच दणका बसलाय. एक नीट बनवलेली इमेज, तिच्यावरून तीन मशीन उठवली, तिन्हीवर बीआर झिरो नावाचा ब्रिज. पहिलं चाललं, दुसरं चालू केलं की पहिल्याचं एसएसएच अडकायचं, तिसरं चालू केलं की कधी हे कधी ते. आयपी तिन्हींचे वेगळे, आरपिंगने डुप्लिकेट तपासले, एकही नाही. अर्धा दिवस गेला. शेवटी तिन्ही कन्सोल शेजारी शेजारी उघडून आयपी लिंक मारलं आणि तीन ब्रिजना तोच मॅक, अक्षर न अक्षर. कारण काय तर सिस्टमडी ब्रिजला जो मॅक देतो तो मशीन-आयडी आणि इंटरफेसचं नाव मिळून काढतो, इमेजमध्ये मशीन-आयडी फाइल भरलेली होती, ती तिन्हीकडे तशीच गेली, नाव तेच, मग मॅकही तोच. स्विच बिचारा तो मॅक कधी या पोर्टवर शिकणार कधी त्या पोर्टवर. इमेज बंद करायच्या आधी ईटीसी मधली मशीन-आयडी फाइल रिकामी करा, डिलीट नाही, रिकामी, पहिल्या बूटला नवा आयडी तयार होतो. डीएचसीपीवाल्यांनाही हेच, नेटवर्कडी (सिस्टमडीचा नेटवर्कचा भाग) आपली ओळख मशीन-आयडीवरूनच काढून देतो, त्यामुळे क्लोन केलेल्या मशीनना एकच आयपी मिळायची तक्रार येते ती इथूनच.

ब्रिजचं दुसरं दुखणं स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमध्ये लूप होऊ न देणारा प्रोटोकॉल). नेटप्लॅन ब्रिजवर ते सांगितल्याशिवाय चालूच ठेवतो आणि फॉरवर्ड डिले १५ सेकंद, म्हणजे ऐकायला १५ आणि शिकायला १५, अर्धा मिनिट पोर्टमधून काही जात नाही. तेवढ्यात व्हीएमचं डीएचसीपी हात टेकतं. त्याहून वाईट म्हणजे तुमचा ब्रिज बीपीडीयू (स्पॅनिंग ट्रीचे निरोप) बाहेर फेकतो आणि स्विचच्या पोर्टवर बीपीडीयू गार्ड असेल तर तो पोर्टच बंद पाडतो. ब्रिजला बाहेर जाणारी वाट एकच असेल, म्हणजे एक बाँड किंवा एक व्हीलॅन, तर स्पॅनिंग ट्री बंद करून टाका. एकाच नेटवर्ककडे जाणाऱ्या दोन वायर एकाच ब्रिजमध्ये टाकल्या असतील तर मात्र बंद करू नका, लूप झाला की सगळं नेटवर्क बसतं. खरं म्हणजे त्या दोन वायरचा बाँडच करायला हवा होता.

त्याच मशीनवर डॉकर (कंटेनर चालवणारं सॉफ्टवेअर) असेल तर ब्रिजवरच्या व्हीएमचं ट्रॅफिक अचानक थांबू शकतं, कारण डॉकर फॉरवर्डची पॉलिसी ड्रॉपवर ठेवतो (पुढे जाणारी पॅकेट टाकून द्यायची) आणि बीआर-नेटफिल्टर मॉड्यूल लोड असलं की ब्रिजवरची पॅकेटही आयपीटेबल्समधून (लिनक्सची फायरवॉल) जातात. डॉकर आणि व्हीएम एका मशीनवर ठेवूच नका हे माझं मत, ठेवायचंच असेल तर डॉकर-युजर चेनमध्ये नियम टाका.

तुमचा सर्व्हर स्वतःच व्हीएम असेल तर वरचं ब्रिज प्रकरण बहुतेक चालणारच नाही. व्हीएमवेअरच्या स्विचवर प्रॉमिस्क्युअस मोड आणि फोर्ज्ड ट्रान्समिट अशी कुलपं असतात, क्लाउडवरही तुम्हाला दिलेल्या मॅकशिवाय दुसरा मॅक बाहेर पडू देत नाहीत. मॅकव्हीलॅनचंही (एका कार्डावर वेगळ्या मॅकचं आभासी कार्ड) तेच. आणि मॅकव्हीलॅन वापरणाऱ्यांनी हेही ऐकून ठेवा, होस्ट आणि त्याच्याच कार्डावरचा मॅकव्हीलॅन एकमेकांशी बोलत नाहीत. तो बग नाही, ते तसंच आहे.

एमटीयू खालून वर लावायचा. आधी स्विच, मग कार्ड, मग बाँड, मग व्हीलॅन, ब्रिज. वरचा खालच्यापेक्षा मोठा ठेवून उपयोग नाही. ९००० ठेवलात तर पिंगला डू-नॉट-फ्रॅगमेंट लावून ८९७२ साइजने मारून बघा, २० आयपी हेडरचे आणि ८ आयसीएमपीचे गेले. १५०० ला हाच आकडा १४७२. व्हीएक्सलॅन (एका नेटवर्कच्या पोटात दुसरं नेटवर्क) करणार असाल तर ५० बाइट त्याचे, म्हणून आत १४५०. एमटीयू चुकला की ओळखायची खूण म्हणजे एसएसएच लागतं, लॉगिन होतं, आणि मोठी डिरेक्टरी लिस्ट मारली की स्क्रीन थिजते.

आता हे सगळं लावायचं कसं, स्वतःला बाहेर न काढता. पहिली गोष्ट, आउट-ऑफ-बँड कन्सोल (नेटवर्क पडलं तरी मशीनपर्यंत नेणारा वेगळा रस्ता), आयड्रॅक, आयएलओ जे काय असेल ते, उघडून लॉगिन करून ठेवा, पासवर्ड आठवतोय का ते तेव्हाच कळू दे. मग आधी नुसत्या आयपी कमांडने हाताने मजले चढवा, आयपी लिंक अ‍ॅड वगैरे. हे रीबूटला पुसलं जातं, म्हणून सुरू करायच्या आधी शटडाउन मायनस आर प्लस १० मारून ठेवा, लटकलात तर दहा मिनिटांत मशीन जुन्या रूपात परत येतं, नाही लटकलात तर शटडाउन मायनस सी करून रद्द करा.

चाललं की फाइलमध्ये उतरवा. उबुंटूवर नेटप्लॅन, यामल, टॅब नाही स्पेस, फाइलची परवानगी ६००, नाहीतर कुरकुरतो. आणि नेटप्लॅन ट्राय बद्दल एक गैरसमज आहे, १२० सेकंदांत एंटर नाही दाबलं तर तो मागे फिरतो हे खरं, पण बाँड आणि ब्रिजचे खास पॅरामीटर त्याला मागे घेता येत नाहीत, म्हणजे नेमकी जिथे गरज तिथे जाळी फाटकी. म्हणून मी जुनी फाइल बाजूला ठेवतो आणि सिस्टमडी-रन ऑन-अ‍ॅक्टिव्ह १० मिनिटं असं लावून ती परत जागेवर ठेवून रीबूट करणारी चार ओळींची स्क्रिप्ट सोडतो. इथे नुसता रीबूट कामाचा नाही, चुकीची फाइल डिस्कवर बसलेली असते, मशीन परत त्याच खड्ड्यात उठतं.

नेटप्लॅन फोल्डरमधल्या सगळ्या फाइल एकत्र करून वाचतो हे विसरू नका. ५० नंबरची क्लाउड-इनिटची (पहिल्या बूटला मशीन सेट करणारा प्रोग्राम) फाइल तिथे असते, तिच्यात कार्डाला डीएचसीपी ट्रू असतं, तुम्ही ६० नंबरची सुंदर फाइल लिहिता पण तिच्यात डीएचसीपी फॉल्स लिहीत नाही, मग जुनं ट्रू तसंच राहतं आणि बाँडमधलं कार्ड स्वतःचा आयपी मागायला जातं. म्हणजे फिरून पहिल्या चुकीवर. ती जुनी फाइल काढा आणि क्लाउड-इनिटला नेटवर्क कॉन्फिग डिसेबल्ड सांगा, नाहीतर इन्स्टन्स आयडी बदलला की तो परत लिहून ठेवतो.

रेड हॅटवर एनएमसीएलआय (नेटवर्कमॅनेजरची कमांड). तिथला सापळा म्हणजे इन्स्टॉलरने कार्डाच्या नावाने बनवलेलं जुनं प्रोफाइल, ऑटोकनेक्ट चालू. तुम्ही बाँड बनवता, आत्ता चालतो, रीबूटला जुनं प्रोफाइल आधी कार्ड पकडतं आणि बाँड रिकामा. एनएमसीएलआय कनेक्शन शो मारा आणि जे आपलं नाही ते डिलीट करा. बाँड प्रोफाइलवर ऑटोकनेक्ट-स्लेव्हज १ करा म्हणजे बाँड उठला की कार्डंही उठतात.

शेवटी तपासणी, आणि ती मशीन रिकामं असतानाच. रीबूट करा, एकदा नाही दोनदा. बूट दोन मिनिटं अडकून पुढे जात असेल तर वेट-ऑनलाइन (नेटवर्क येईपर्यंत बूट थांबवणारी सेवा) एखाद्या वायर नसलेल्या इंटरफेसची वाट बघतंय, त्याची मुदत १२० सेकंद असते, नेटप्लॅनमध्ये त्या इंटरफेसला ऑप्शनल ट्रू लावा. मग दुसऱ्या मशीनवरून पिंग चालू ठेवून एक वायर खरोखर काढा. आयपी लिंक डाउन करून नाही, हाताने वायर काढा. एकदोन पिंग गेले तर ठीक. वायर परत लावा, बाँडची फाइल कॅट करून दोन्ही कार्डं अप दिसेपर्यंत थांबा, मग दुसरी काढा. दुसरी काढताना पिंग मेलं तर पहिली वायर चुकीच्या पोर्टात आहे, हे आज कळलं ते बरं. आणि तो कागद, त्याचा फोटो काढून टिकिटाला जोडून टाका, पुढच्या वेळी तो लागणारच आहे.